अम्माला घेऊन हजला

हजला आमचा नंबर लागल्याचं मला शाळेत कळलं. मधल्या सुट्टीत सहज मोबाईल बघितला तर मेसेज येऊन पडलेला. मी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि मग शेजारी डबा खात बसलेल्या बाईंच्या हातात मोबाईल देऊन म्हटलं, "जरा मोठ्याने वाचा हो." त्यांनी वाचला. माझं नाव, अम्माचं नाव. दोन्ही होती.

मी महाडला एका मराठी शाळेत शिकवते. माझे यजमान आता नाहीत, अब्बाही नाहीत, आणि मला भाऊ नाही. अम्मा पोलादपूरच्या वर, आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत राहते. वाडी सगळी मराठ्यांची, त्यात आमच्या लोकांची चार घरं. माझ्याकडे महाडला येऊन राहा म्हणून मी कितीदा मागे लागले असेन, पण तिला तिची भाताची खाचरं आणि दारातल्या कोंबड्या सुटत नाहीत. बरोबर पुरुष नसताना बायकांनी हजला जायची सोय अलीकडची आहे. आम्ही शाफई पंथाचे, आमच्यात भरवशाच्या बायकांचा जथा असला तर चालतं, असं मौलानांनी सांगितलं आणि मी त्याच दिवशी दोघींची नावं घातली. पण ती खरोखर लागतील असं काही मनात धरलं नव्हतं.

अम्माचा फोन बहुतेक वेळा फडताळात बंद पडलेला असतो. म्हणून मी तिच्या शेजारच्या काकूंना लावला. त्या शेतावर होत्या.

"काकू, अम्माला सांगा, नंबर लागला!"

"कसला नंबर? लॉटरीचा काय?"

"हजचा! मक्केला जायचा!"

काकूंनी फोन कानापासून बाजूला न घेताच हाक मारली. माझा कान बधिर झाला. "चाची! ओ चाची! तुझा मक्केचा नंबर लागला गो!" मग कुणीतरी पुरुष लांबून ओरडला, त्याच्या पलीकडून आणखी कुणीतरी. मला महाडच्या शाळेच्या ओट्यावर बसून सगळी वाडी ऐकू येत होती. बऱ्याच वेळाने फोनवर अम्माचा श्वास आला. ती खालच्या खाचरातून धावत चढून आली असणार.

"खरं सांगतंस?"

"खरं गं अम्मा."

मला वाटलं रडते आहे. मग म्हणाली, "मग कोंबड्या कुणाकडे ठेवू?"

पुढचे महिने कसे गेले ते मला आज नीट सांगता येणार नाही. फळ्यावर लिहितालिहिता मध्येच आठवायचं आणि खडू हातात तसाच राहायचा. संध्याकाळी मी सावित्री नदीच्या कडेने चालायला जाऊ लागले, कारण हजला चालावं लागतं आणि मला खुर्चीत बसून शिकवायची सवय. अम्माला मात्र सरावाची गरज आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. ती रोज डोंगर चढते.

महाडला जाणाऱ्यांसाठी शिकवणी ठेवली होती. हॉलच्या मधोमध एक टेबल, त्यावर काळं कापड टाकलेलं. हे काबागृह समजा, असं मौलाना म्हणाले, आणि आम्ही सगळ्यांनी त्याच्याभोवती फिरून बघायचं. सुरुवातीला बायका तोंडावर पदर घेऊन हसत होत्या. मीही हसत होते. एक आजोबा उलट्या बाजूने निघाले, त्यांना दोघांनी धरून वळवलं. अम्मा पोलादपूरहून सकाळच्या गाडीने आलेली, चपला हातात घेऊन गंभीरपणे फिरत होती. दोनतीन फेऱ्यांनंतर मी तिच्याकडे बघितलं तर तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"अम्मा, टेबल आहे ते," मी तिच्या कानात म्हटलं.

"ठाव हाय मला," ती म्हणाली आणि चालत राहिली.

मग मला हसू आलं नाही.

निघायच्या दिवशी वाडीतून लोक एक टेम्पो भरून महाडला माझ्या घरी आले. मे महिन्याचा उकाडा, घरात उभं राहायला जागा नाही. ज्याला त्याला अम्माकडून दुवा हवी होती. एकाला मुलाची मुंबईतली नोकरी पक्की व्हायला हवी होती, एकीला सुनेचं बाळंतपण नीट व्हायला हवं होतं. वरच्या आळीतले एक म्हातारे काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "चाची, मला काय नको. एवढंच सांग तिकडं, यंदा डोंगर जाग्यावर राहू दे." आमच्याकडे पावसाळ्यात दरडी येतात, आणि त्या आल्या की काय होतं ते सगळ्यांनी बघितलेलं आहे. अम्माने त्यांचा हात दोन्ही हातांत धरला.

शेजारच्या काकूंनी मोगऱ्याचा गजरा आणला होता. मी म्हटलं, "काकू, एहरामची नियत केली, म्हणजे हजचा संकल्प केला, की सुगंध चालत नाही. साबणसुद्धा बिनवासाचा घेतलाय आम्ही."

काकूंचा चेहरा पडला. अम्माने काकूंकडे वळून डोकं पुढे केलं. "तू माळ गो. मुंबईपर्यंत मी काय हाजीण नाय."

मुंबईला एहरामच्या आंघोळीच्या आधी तिने तो काढून खिडकीत ठेवला. आमच्या खोलीतल्या बायका येताजाता त्याचा वास घेत होत्या, नियत करायच्या आधी.

विमानात बसल्यावर अम्माने पट्टा कसा लावायचा ते एकदा बघितलं आणि मग शेजारच्या बाईला शिकवलं. आमच्या जथ्यातल्या सगळ्या बायका रायगड-रत्नागिरीकडच्या, बहुतेक सगळ्या पहिल्यांदाच उडत होत्या. मीकातची हद्द, जिच्या पुढे एहरामशिवाय जायचं नसतं, ती जवळ आली म्हणून सांगितलं तेव्हा सगळ्यांनी नियत केली आणि 'लब्बैक' म्हणायला सुरुवात केली. आधी पुटपुटल्यासारखं, मग जोर चढत गेला. हजर आहे, मी हजर आहे. शाळेत हजेरी घेणारी मी, रोज मुलांच्या तोंडून 'हजर' ऐकणारी. त्या दिवशी माझ्या तोंडून ते निघालं तेव्हा माझा आवाज फाटला.

मक्केत पोचलो, सामान टाकलं, आणि लगेच हरमकडे, काबागृहाच्या मशिदीकडे, निघालो. काबागृहावर पहिली नजर पडते तेव्हा मागितलेली दुवा कबूल होते, असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मी काय मागायचं ते घोकून ठेवलं होतं. अम्माने ठरवलं होतं की शेवटपर्यंत मान वर करायची नाही, एकदम समोर गेल्यावरच बघायचं. त्यामुळे ती जमिनीकडे बघत, माझा दंड धरून चालली होती. पायऱ्या आल्या, खांब आले, गार फरशी आली. लोकांचा आवाज असा होता की जणू लांब कुठे धबधबा पडतो आहे.

"दिसला काय गो?"

"नाही अजून."

"आता?"

खांबांच्या मधून एकदम काळं काही दिसलं. मग खांब संपले आणि तो समोर होता. उन्हं कलली होती. एवढा जवळ, एवढा साधा चौकोन, आणि त्याच्याभोवती पांढऱ्या कपड्यांची माणसं भोवऱ्यासारखी फिरत होती. मी घोकलेलं सगळं विसरले. एक शब्द आठवेना. मी तोंड उघडं टाकून उभी.

अम्मा माझा दंड हलवत होती. "अगो, दिसला काय? मान वर करू?"

"कर," मी म्हटलं. "कर अम्मा, कर."

तिने मान वर केली. तिचा हात माझ्या दंडावर असा आवळला की दुसऱ्या दिवशी तिथे वळ होता. मग तिच्या तोंडून हळूच निघालं, "या अल्ला, हिला सुखात ठेव." तिची पहिली दुवा तिने माझ्यासाठी मागितली. मला रडू आवरेना, आणि मला आठवलं की मी अजून काहीच मागितलेलं नाही. मी म्हटलं, अम्माचं सगळं मागणं ऐक. त्यातच माझं आलं.

तवाफ, म्हणजे काबागृहाभोवतीच्या सात फेऱ्या, झाला. मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये फेऱ्या. आता तिथे लांबच लांब संगमरवरी रस्ता आहे, वर छप्पर, गार हवा. फार पूर्वी तान्ह्या बाळाला ठेवून बीबी हाजरा इथेच पाण्यासाठी धावली होती. अम्मा पहिल्या फेरीत सांगत होती, "एकटी बाई, पोर तहानेनं रडतंय, आणि चहूकडं फत्तर." मे महिन्यात आमच्या वाडीच्या बायका झऱ्याच्या तळाशी वाटीवाटीने पाणी गोळा करतात. अम्माने आयुष्यभर ते केलं आहे. तिला हाजराची गोष्ट कुणी समजावून सांगायला नको होती.

मी आधीच व्हीलचेअरबद्दल विचारलं होतं. "मला?" ती म्हणाली. "घाट चढणारी बाई मी." पण डोंगरात चालणं वेगळं आणि कडक फरशीवर चालणं वेगळं. चौथ्या फेरीनंतर तिच्या पोटऱ्या भरून आल्या, ती कठड्याला धरून उभी राहिली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आण तुझी ती खुर्ची."

खुर्ची ढकलणारा माणूस उंच, पायांत बूट, अंगात एका रंगाचा गणवेश. "अम्माजी, पकडके बैठो," तो म्हणाला आणि निघाला. मी बाजूने चालत होते. वाटेत एक पट्टा आहे, वर हिरवे दिवे असतात, तिथे पुरुषांनी धावायचं असतं. बायकांनी धावायचं नसतं. पण त्या माणसाने हिरवे दिवे बघितले आणि तो धावत सुटला, आणि खुर्चीत अम्मा! तिची ओढणी मागे उडाली. तिने दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि मला तिचं हसू ऐकू आलं. लहान मुलीसारखं, खळखळून. मग मीही धावले, कारण माझी आई पुढे निघून चालली होती. दम लागून मी पोचले तर ती त्याला मराठीत सांगत होती, "पुढच्या फेरीला पण असाच घे रे बाबा." आणि तो मान डोलवत होता, कळल्यासारखा.

फेऱ्या संपल्यावर एका भिंतीशी बसून आम्ही एकमेकींचे केस कापले. एहराम सुटायला बोटाच्या पेराएवढे कापायचे असतात. अम्माच्या शेपट्याला माझ्या आठवणीत कधी कात्री लागली नव्हती. आता तो उंदराच्या शेपटाएवढा राहिला आहे, पांढरा, तेलाने चोपडलेला कायम, पण त्या दिवशी कोरडा. मी टोक कापलं. मग तिने कात्री घेतली, माझे केस बोटांत धरले आणि शांतपणे कापले. लहानपणी तिनेच माझी वेणी घातलेली, तशीच माझी मान सरळ करत होती.

मग हजचे मुख्य दिवस आले. पुन्हा एहरामची नियत करून मक्केबाहेर मिनाच्या तंबूंत गेलो. तंबूच तंबू, सगळे एकसारखे, आणि आमच्या तंबूत बायका गादीला गादी लावून. कुणी खेडची, कुणी श्रीवर्धनची. सगळ्यांनी घरून काहीतरी आणलेलं. अम्माने तांदळाच्या भाकऱ्या वाळवून आणल्या होत्या, त्या भिजवून तिने अर्ध्या तंबूला खायला घातल्या.

दुसऱ्या दिवशी अराफातचं मैदान. हजचा गाभा तो दिवस. ऊन असं की डोळे उघडवत नाहीत. बसमधून उतरलो आणि अम्मा थांबली. "अगो, हा आपला कडुनिंब!" खरंच होता. तिथे सगळीकडे कडुनिंबाची झाडं लावली आहेत. तिने एक पान चुरगळून वास घ्यावा म्हणून हात पुढे केला आणि मागे घेतला. एहराममध्ये झाडाचं पान तोडू नये, असं कुणीतरी सांगितलेलं तिला आठवलं. तिने नुसता खोडावर हात ठेवला.

दुपारनंतर सगळे उभे राहून मागत होते. चहूकडून पुटपुट, हुंदके, वेगवेगळ्या भाषा. मी अम्माशेजारी हात पसरून उभी होते. माझं मागून झालं तरी तिचं चालूच. मी कान दिला. ती वाडीतल्या घरांतून चालली होती. खालच्या आळीपासून सुरुवात, वरपर्यंत. ज्याचं घर आलं त्याचं नाव, मग त्याच्या बायकोचं, पोरांचं, आणि काय हवं ते. एका घरी म्हैस आटली होती, तिच्यासाठीही मागितलं. ज्या घराशी तिचं बांधावरून बोलणं बंद होतं तिथे ती जरा थांबली, श्वास घेतला, आणि त्या घरातल्या नातीला चांगलं स्थळ मिळू दे म्हणाली. काठीवाल्या म्हाताऱ्यांच्या घराशी पोचली तेव्हा तिचा आवाज चढला. "डोंगर धरून ठेव," ती म्हणाली. "तुझाच डोंगर हाय. धरून ठेव." ती उन्हाने लाल झाली होती, मी तिच्या डोक्यावर पाणी शिंपडत होते, आणि माझ्या अंगावर काटा आला होता. एवढी मोठी दुनिया त्या मैदानात उभी होती आणि आमची वाडी तिच्यात घरांसकट येऊन उभी राहिली होती.

रात्री मुज्दलिफाच्या माळावर उघड्यावर राहिलो, तिथेच खडे वेचले. चण्याएवढे हवेत. अम्माने हाताने चाचपूनच वेचले आणि मला ओंजळभर आणून दिले. दुसऱ्या दिवशी सैतानाला मारायला निघालो. मी घाबरले होते, गर्दीच्या गोष्टी ऐकलेल्या. पण रस्ता मोठा, लोक एका दिशेने चाललेले, आणि समोर सैतानाची खूण म्हणून उंच दगडी भिंत. मी जवळ जाऊन पहिला खडा टाकला तो भिंतीपर्यंत पोचलाच नाही. अम्मा मागे सरली, कमरेत वाकली, आणि हात फिरवून खडा असा सोडला की भिंतीवर टणकन वाजला.

"अम्मा!"

"वानरांना मारते तसा मारला," ती म्हणाली. भात पोटरीला आलं की आमच्याकडे वानरं उतरतात, आणि तिचा नेम सगळ्या वाडीला माहीत आहे. "तू खांद्यातनं टाक. मनगटातनं नको." मी खांद्यातून टाकला. वाजला! मला इतका आनंद झाला की मी 'अल्लाहु अकबर' ओरडले आणि शेजारची एक अनोळखी बाई माझ्याकडे बघून हसली. मग सगळे खडे वाजत गेले.

त्याच धामधुमीत आम्ही जियारतच्या, म्हणजे हजमधल्या मुख्य तवाफला गेलो, आणि तिथे माझा जीव जायचा राहिला. गर्दी म्हणजे पाय उचलला की ठेवायला जागा नाही. आम्ही हात घट्ट धरले होते. तिसऱ्या फेरीत उंच्यापुऱ्या बायकांचा एक जथा, एकमेकींच्या दंडात दंड अडकवून, आमच्या मधून गेला. हात सुटला. मी वळून बघितलं, अम्मा नाही.

मी तिला हाका मारल्या. तिथे हाकेला काय अर्थ! मागे वळता येत नव्हतं, थांबता येत नव्हतं, लोंढा पुढेच नेत होता. माझे ओठ दुवा म्हणत होते आणि डोळे पायांशी शोधत होते, कुणी पडलं तर नाही ना म्हणून. बाजूच्या एका म्हातारीने माझं तोंड बघितलं, तिला काय कळलं कोण जाणे, तिने माझ्या पाठीवर हात ठेवून पुढे चल अशी खूण केली. मी चालले. कशाबशा फेऱ्या पुऱ्या केल्या आणि चुकलो तर भेटायचं असं ठरवलेल्या जागी, जमजमच्या पवित्र पाण्याच्या पिंपांपाशी, धावत गेले. अम्मा तिथे नव्हती.

मी पाण्याचा पेला हातात धरून उभी राहिले. पाणी प्यायला सुचेना. तिच्या मनगटावर पट्टा आहे, त्यावर तंबूचा पत्ता आहे, असं स्वतःला समजावत होते आणि येणाऱ्या प्रत्येक म्हातारीचं तोंड बघत होते. मग गर्दीतून त्याच उंच बायका आल्या, काळ्याभोर, डोक्याला रंगीत फुलांचे रुमाल बांधलेल्या, आणि त्यांच्या मधोमध, त्यांच्या कोपरापर्यंत येणारी, माझी अम्मा. दोन्ही बाजूंनी दोघींनी तिला दंडात धरलेलं. ती राणीसारखी चालत होती.

"कुठं व्हतीस गो?" तीच मला म्हणाली. "मी शोधतंय तुला!"

"अम्मा, मी मरायची राहिले इथे!"

"मला काय व्हतंय? ह्या पोरींनी मला मधी घेतली. ही मोठी हाय ना, ही बोटं वर करून फेऱ्या मोजत व्हती. सगळ्या झाल्या." मग ती त्या मोठ्या बाईकडे वळली आणि शुद्ध मराठीत म्हणाली, "ही माझी लेक. शाळेत शिकवते." त्या बाईने मला छातीशी धरलं. मी तिच्या खांद्यावर रडले आणि रडतारडता हसायला लागले. अम्माने पिंपातून पाणी भरून सगळ्यांना दिलं. त्या तिच्याशी त्यांच्या भाषेत बोलत होत्या, ती त्यांच्याशी वाडीच्या. कुठल्या देशाच्या ते मला विचारायचं सुचलं नाही.

परत आलो तेव्हा पाऊस लागलेला होता. मुंबईहून गाडीने महाडजवळच्या वीरला उतरलो तर स्टेशनबाहेर तीन रिक्षा आमच्यासाठी थांबलेल्या, काकू सगळ्यांच्या पुढे. अम्माच्या गळ्यात हार पडले, हातांना हात लागले, आणि ती थेट वाडीलाच जायचं म्हणाली. महाडला माझ्याकडे टेकायलाही तयार नाही. पेरलेलं भात उगवून हातभर झालं होतं, ती रिक्षातून मान बाहेर काढून प्रत्येकाचं रोप बघत चालली होती.

घराच्या पडवीत लोक दाटीवाटीने बसले. मी जमजमचं पाणी छोट्या पेल्यांत ओतत होते, खजूर वाटत होते. लोक ओंजळ पुढे करत होते, काहींनी डोळ्यांना लावलं. "सांग ना चाची, कसं हाय तिकडं?" सगळे म्हणाले. अम्मा भिंतीला टेकून बसली, म्हणाली, "सांगते. आधी विमान..." आणि डोळे मिटले. आम्ही थांबलो. ती गाढ झोपली होती, तोंड थोडं उघडं, हार तसाच गळ्यात.

कुणी उठलं नाही. काकूंनी तिच्या अंगावर हळूच चादर टाकली. मग सगळी तोंडं माझ्याकडे वळली. मी वर्गात रोज बोलते, पण या पडवीत मी कधी चार वाक्यंही सलग बोलले नसेन. इथे अम्माच बोलायची. मी हातातला पेला खाली ठेवला.

"विमानात ना," मी म्हटलं, "हिने एका बाईला पट्टा लावायला शिकवलं."

"ह्या चाचीने?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि सगळे पुढे सरकून बसले.